डेव्हिड हिबेट

डेव्हिड हिबेट हे अमेरिकन कवकशास्त्रज्ञ असून मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले आहे. भूछत्रे आणि त्यांच्याशी नाते असलेली कवके यांचा वंशेतिहास हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय आहे. कवकांच्या उच्चस्तरीय वर्गीकरणाची २००७ मधील सर्वमान्य मांडणी त्यांच्या पुढाकाराने सिद्ध झाली. लाकूड कुजविण्याची क्षमता कवकांत केव्हा व कशी उत्पन्न झाली, याचा ३१ जनुकसंचांच्या तुलनेतून घेतलेला शोध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या शोधामुळे ते कवकशास्त्राबाहेरही परिचित झाले. दगडी कोळशाच्या निर्मितीशी या शोधाचा जोडला गेलेला संबंध पुढे वादाचा विषय ठरला.

शिक्षण आणि कारकीर्द

हिबेट यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेतून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठाने १९९१ मध्ये त्यांना पीएच.डी. प्रदान केली. त्यानंतर जपानमधील तोत्तोरी येथील कवकसंशोधन संस्थेत त्यांनी काही काळ काम केले. जपानी आहारात मोठे स्थान असलेल्या शिताके या अळंबीच्या निरनिराळ्या प्रदेशांतील प्रकारांचे परस्परनाते त्यांनी डीएनएच्या आधारे तपासले. या अळंबीच्या प्रजातीकडे ते पुढेही पुन्हा पुन्हा वळले.

१९९३ पासून हार्वर्ड विद्यापीठात मायकेल डोनोह्यू या वनस्पति-उत्क्रांतितज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले. १९९९ मध्ये ते क्लार्क विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले.

भूछत्रांच्या आकाराची उत्क्रांती

पावसाळ्यात जमिनीवर किंवा ओंडक्यावर दिसणारे भूछत्र म्हणजे संपूर्ण कवक नव्हे. कवकाचे खरे शरीर माती वा लाकडात पसरलेल्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याचे असते. छत्र हा त्याचा बीजाणू निर्माण करणारा, अल्पकाळ टिकणारा अवयव होय. जुन्या वर्गीकरणात या अवयवाच्या आकारालाच मोठे महत्त्व होते. टोपीखाली पात्यांसारख्या कल्ल्या असलेली कवके एका गटात, तर चेंडूसारखी बंद फळे धरणारी दुसऱ्या गटात घातली जात. मात्र कवकांची शरीररचना साधी असल्यामुळे आकारातील साम्य हे नात्याचे चिन्ह आहे की योगायोगाने आलेले, हे केवळ निरीक्षणाने ठरविणे कठीण होते.

हिबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोसोमशी संबंधित डीएनएच्या क्रमांची तुलना करून १९९७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. कल्ल्या असलेली भूछत्रे किमान ६ वेळा, वेगवेगळ्या रूपांच्या पूर्वजांपासून स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहेत, असे त्यांना आढळले. बंद फळांचा चेंडूसारखा आकार किमान ४ वेळा निर्माण झाला होता. दिसायला सारखी असलेली दोन छत्रे एकमेकांची दूरची नातलग असू शकतात आणि छत्र व चेंडू ही सख्खी भावंडे असू शकतात, असा या निष्कर्षाचा अर्थ होता. आकारावर आधारलेल्या जुन्या गटांपैकी अनेक गट यामुळे मोडीत निघाले.

याच काळातील त्यांचा दुसरा शोध जीवाश्मांविषयी होता. भूछत्र मऊ व नाशवंत असल्याने खडकात त्याचा ठसा क्वचितच उमटतो. झाडाच्या राळेत अडकून तिच्याबरोबर अश्मीभूत झालेली छत्रे मात्र अंबरात सापडतात. हिबेट, डेव्हिड ग्रिमाल्डी आणि डोनोह्यू यांनी १९९५ मध्ये न्यू जर्सी येथील अंबरातील अशा छत्रांचे वर्णन 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ही छत्रे क्रिटेशस कल्पातील, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीची आहेत. आजच्या काही लहान भूछत्रांशी त्यांचे विलक्षण साम्य आहे. डायनोसॉर पृथ्वीवर वावरत असतानाच भूछत्राचा परिचित आकार सिद्ध झालेला होता, हे यावरून स्पष्ट झाले.

कवकसृष्टीचे नवे वर्गीकरण

विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या अभ्यासामुळे कवकांच्या वर्गीकरणात मोठी उलथापालथ झाली. निरनिराळी पाठ्यपुस्तके, संग्रहालये आणि विदागारे वेगवेगळी नावे वापरू लागली. 'कवकांच्या जीवनवृक्षाची जुळणी' या अर्थाच्या नावाने अमेरिकेत एक सामूहिक प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याच्या प्रमुखांपैकी हिबेट हे एक होते. २००६ मध्ये या प्रकल्पातून ६ जनुकांच्या आधारे सुमारे २०० जातींचा वंशवृक्ष मांडण्यात आला.

पुढच्याच वर्षी हिबेट यांच्यासह ६७ लेखकांनी कवकांचे उच्चस्तरीय वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात १ सृष्टी, १ उपसृष्टी, ७ संघ, १० उपसंघ, ३५ वर्ग, १२ उपवर्ग आणि १२९ गण मान्य करण्यात आले. एका समान पूर्वजाच्या सर्व वंशजांचाच गट मान्य करावयाचा, हे या मांडणीचे सूत्र होते. पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ रूढ असलेला झायगोमायकोटा हा संघ या कसोटीला न उतरल्याने गाळण्यात आला. पूर्वी आदिजीव मानले जाणारे मायक्रोस्पोरिडिया हे परजीवी कवकसृष्टीत आले. वर्गीकरण हा अंतिम निवाडा नसल्याने त्यात पुढे बदलही झाले. झायगोमायकोटाच्या विखुरलेल्या सदस्यांसाठी २०१६ मध्ये जनुकसंचांच्या आधारे दोन नवे संघ मांडण्यात आले.

लाकूड, लिग्निन आणि कूज

हिबेट यांच्या सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या संशोधनाचे महत्त्व कळण्यासाठी लाकडाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. लाकडातील पेशींच्या भित्तिकांमध्ये सेल्युलोजचे लांब तंतू असतात. त्यांच्या भोवती लिग्निन नावाचे गुंतागुंतीचे बहुवारिक असते. सेल्युलोजच्या तंतूंना सळ्या मानले, तर लिग्निन हे त्यांच्याभोवती ओतलेल्या काँक्रीटसारखे आहे. लिग्निनमुळेच वृक्ष उंच वाढू शकतात. लाकडाचा सुमारे पाचवा ते तिसरा हिस्सा लिग्निनचा असतो. सेल्युलोजमध्ये शर्करेचे एकच एकक ठरावीक रीतीने जोडलेले असते. लिग्निनमधील जोडणी मात्र अनियमित असल्याने नेहमीच्या विकरांना ते तोडता येत नाही.

लाकूड कुजविणाऱ्या कवकांचे परंपरेने दोन प्रकार मानले जातात. श्वेत कूज घडविणारी कवके लिग्निन आणि सेल्युलोज या दोहोंचे विघटन करतात; मागे पांढुरके, तंतुमय लाकूड उरते. महाराष्ट्रात पिकांच्या काडावर वाढविली जाणारी धिंगरी अळंबी याच प्रकारात मोडते. तपकिरी कूज घडविणारी कवके सेल्युलोज संपवितात, परंतु लिग्निनमध्ये थोडाफार बदल करून ते तसेच सोडून देतात. असे लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकते आणि बोटांनी चुरडता येते.

श्वेत कूज घडविणाऱ्या कवकांजवळ पेरॉक्सिडेज कुलातील विशिष्ट विकरे असतात. ती हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने लिग्निनचे ऑक्सिडीकरण करून त्याचे बंध सैल करतात. या विकरांचा शोध १९८३ मध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या कवकात लागला. याच कवकाचा जनुकसंच २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भूछत्रे ज्या बॅसिडिओमायकोटा संघात येतात, त्या संघातील तो पहिला जनुकसंच होता.

एकतीस जनुकसंचांचा अभ्यास

एका कवकाच्या जनुकसंचावरून त्याची आजची क्षमता कळते. त्या क्षमतेचा इतिहास कळण्यासाठी अनेक नातलगांची तुलना करावी लागते. क्लार्क विद्यापीठातील हिबेट यांचा गट, अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूट ही संस्था आणि अनेक देशांतील संशोधक यांनी मिळून अशी तुलना केली. जून २०१२ मध्ये ती 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दिमित्रिओस फ्लाउदास हे तिचे प्रथम लेखक होते. अभ्यासलेल्या ३१ जनुकसंचांपैकी १२ या कामासाठी नव्याने तयार करण्यात आले होते.

संशोधनाची पद्धत पुढीलप्रमाणे होती. प्रथम सर्व ३१ कवकांचा वंशवृक्ष तयार करण्यात आला. त्यानंतर प्रत्येक जनुकसंचातील कूजविषयक विकरांची जनुके मोजण्यात आली. प्रत्येक जनुककुलाचा स्वतःचा वंशवृक्ष कवकांच्या वंशवृक्षाशी ताडून पाहण्यात आला. त्यावरून कोणत्या फांदीवर जनुकाच्या प्रती वाढल्या आणि कोणत्या फांदीवर त्या नष्ट झाल्या, याचा अंदाज बांधता येतो.

या अभ्यासातून तीन निष्कर्ष निघाले. पहिला असा की, ॲगॅरिकोमायसिटीज या वर्गाचा, म्हणजे बहुतेक भूछत्रे ज्यात येतात त्या वर्गाचा, आद्य पूर्वज श्वेत कूज घडविणारा असावा आणि लिग्निनविघटक पेरॉक्सिडेजांची वाढ त्याच्याकडे येणाऱ्या फांदीवर झाली असावी. दुसरा निष्कर्ष असा की, तपकिरी कूज घडविणारी कवके वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे निर्माण झाली आणि प्रत्येक वेळी लिग्निन तोडणारी जनुके गमावली गेली. तपकिरी कूज ही श्वेत कुजीची पूर्वावस्था नसून तिच्यापासून निघालेली, खर्चिक विकरांवाचून चालणारी वाट आहे, असे यावरून दिसते.

तिसरा निष्कर्ष काळासंबंधी होता. डीएनएतील बदल कालांतराने साचत जातात. वय ठाऊक असलेल्या जीवाश्मांचा आधार घेऊन या बदलांवरून दोन वंशशाखा केव्हा विभक्त झाल्या याचा अंदाज करता येतो. या पद्धतीस रेणवीय घड्याळ म्हणतात. तिच्या आधारे लिग्निनविघटनाचा उगम सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी झाला असावा, असे अनुमान निघाले. अशा अनुमानात कोट्यवधी वर्षांची अनिश्चितता असते आणि लेखकांनीही या ठिकाणी संभाव्यतेचीच भाषा वापरली होती.

कोळशाच्या निर्मितीविषयीचा वाद

कार्बॉनिफेरस कल्प सुमारे ३५ कोटी ९० लाख ते २९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो. युरोप व उत्तर अमेरिकेतील प्रचंड कोळसासाठे या कल्पात निर्माण झाले आणि त्यांवरूनच कल्पाला हे नाव पडले. कल्पाच्या अखेरीस सेंद्रिय कार्बन गाडला जाण्याचा वेग एकदम घटला. जेनिफर रॉबिन्सन यांनी १९९० मध्ये त्यासंबंधी एक कल्पना मांडली होती. वृक्षांनी लिग्निन निर्माण करण्यास प्रारंभ केला तेव्हा ते कुजविणारी समर्थ कवके नव्हती. त्यामुळे लाकूड साचत राहिले आणि पुढे अशी कवके अवतरल्यावर हा संचय थांबला, असे तिचे स्वरूप होते.

२०१२ च्या लेखात लिग्निनविघटनाच्या उगमाचा काळ या घटनेशी जुळत असल्याचे नमूद करण्यात आले. लेखातील सावध विधान लोकप्रिय लेखनात आणि वर्गांत मात्र निश्चित सत्याच्या थाटात पसरले. 'कवकांना लाकूड कुजविता येत नव्हते म्हणून कोळसा तयार झाला' हे वाक्य ऐकण्यास सोपे व स्मरणात राहणारे होते.

२०१६ मध्ये मॅथ्यू नेल्सन, विल्यम डिमिशेल, शॅनन पीटर्स आणि केव्हिन बॉइस यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या कल्पनेचे सविस्तर खंडन केले. त्यांचे मुख्य आक्षेप असे होते :

१. कार्बॉनिफेरस काळातील कोळशाचे बरेचसे थर लायकोपॉड गटातील वृक्षांच्या जाड सालीपासून बनलेले आहेत आणि या सालीत लिग्निन नव्हते. दलदलीतील वनस्पती बदलून लिग्निनयुक्त वृक्ष आले, तेव्हाही कोळसा साचण्याच्या वेगात फरक पडला नाही.

२. लिग्निनमध्ये बदल घडविणारी अन्य विकरे इतर कवकांत आणि जीवाणूंतही आढळतात. म्हणून एका वर्गाच्या एका विकरकुलावर सर्व भार टाकणे योग्य नाही. शिवाय कालगणनेतील अनिश्चितता पाहता ही कवके कार्बॉनिफेरसच्या आधीही अस्तित्वात असू शकतात.

३. हवेशी संपर्क आलेल्या त्या काळच्या वनस्पति-अवशेषांत कुजण्याच्या खुणा सर्वत्र दिसतात.

४. योग्य परिस्थिती लाभली तेथे कोळसा नंतरच्या काळातही मोठ्या प्रमाणात निर्माण होत राहिला.

या लेखकांच्या मते, पँजिया हा महाखंड जुळून येत असताना विषुववृत्तीय प्रदेशात सतत आर्द्र हवामान आणि गाळ साठविणारी विस्तीर्ण खोरी यांचा दुर्मीळ संयोग घडून आला. पाण्याखाली, ऑक्सिजनविरहित अवस्थेत गाडले गेलेले अवशेष कुजण्यापूर्वीच सुरक्षित झाले आणि त्यांचा कोळसा झाला.

चौथा आक्षेप भारतीय वाचकास आपल्याच भूमीवरून पडताळून पाहता येतो. महाराष्ट्रात चंद्रपूर व यवतमाळ परिसरातील वर्धा खोऱ्याचा कोळसा गोंडवनी खडकांत सापडतो. तो कार्बॉनिफेरस नव्हे, तर त्यानंतरच्या पर्मियन कल्पातील आहे आणि ग्लॉसोप्टेरिस या आता लुप्त झालेल्या वृक्षांचा त्यात मोठा वाटा आहे. तमिळनाडूतील नैवेली येथील लिग्नाइट तर त्याहूनही कितीतरी अलीकडचा, सीनोझोइक महाकल्पातील आहे. त्या काळी लाकूड कुजविणारी कवके निश्चितपणे अस्तित्वात होती. तरीही कोळसा तयार झालाच.

त्याच वर्षी हिबेट यांनी रॉबर्ट ब्लँचेट, पॉल केनरिक आणि बेंजामिन मिल्स यांच्यासह कोळसावनांच्या अस्ताविषयी एक लेख लिहिला. हवामान व कूज या दोन्ही घटकांची चर्चा त्यात करण्यात आली आहे. आज कोळशाच्या निर्मितीमागे हवामान व भूरचना यांना मुख्य कारण मानण्याकडे कल आहे. येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. वादग्रस्त ठरला तो कोळशाशी जोडलेला संबंध. श्वेत कूज घडविणारा पूर्वज आणि नंतर वारंवार झालेला जनुकलोप हे जनुकसंचांतून निघालेले निष्कर्ष या आक्षेपांनी बाद होत नाहीत.

दोन प्रकारांची अपुरी विभागणी

२०१४ मध्ये रॉबर्ट रायली यांच्या नेतृत्वाखालील एका अभ्यासात ३३ बॅसिडिओमायकोटा कवकांच्या जनुकसंचांची तुलना करण्यात आली. हिबेट हे त्याचे सहलेखक होते. बॉट्रिओबॅसिडियम आणि जापिया या प्रजातींतील कवकांजवळ लिग्निनविघटक पेरॉक्सिडेजे नाहीत, पण सेल्युलोजवर कार्य करणाऱ्या विकरांच्या बाबतीत ती श्वेत कूज घडविणाऱ्या कवकांसारखी आहेत, असे आढळले. श्वेत आणि तपकिरी अशी काटेकोर विभागणी अपुरी असून प्रत्यक्षात या दोन टोकांच्या दरम्यान अनेक पायऱ्या आहेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

मुळांशी सहजीवन

पाइन, ओक, साल अशा वृक्षांच्या मुळांभोवती आवरण करून राहणारी कवके वृक्षाला पाणी व खनिजे पुरवितात आणि त्याबदल्यात शर्करा मिळवितात. या सहजीवनास बाह्यसंकवक म्हणतात. २००० मध्ये हिबेट, लुझ-बियाट्रिझ गिल्बर्ट आणि डोनोह्यू यांनी 'नेचर'मध्ये असे मांडले होते की, हे सहजीवन कुजविणाऱ्या पूर्वजांपासून अनेकदा निर्माण झाले आणि काही शाखा ते सोडून पुन्हा स्वतंत्र जीवनाकडे वळल्या. त्या वेळी हाती थोडीच जनुके होती.

२०१५ मध्ये अ‍ॅनेग्रेट कोलर, फ्रान्समधील फ्रान्सिस मार्टिन, हिबेट व इतरांनी ४९ जनुकसंचांची तुलना केली. सहजीवनाची वाट अनेक शाखांनी स्वतंत्रपणे धरली, हा जुना निष्कर्ष तीत दृढ झाला. मात्र प्रत्येक शाखेने लाकूड कुजविणारी बहुतांश जनुके गमावल्याचेही दिसले. एकदा हरपलेली अशी यंत्रणा पुन्हा उभारणे अवघड असल्याने स्वतंत्र जीवनाकडे परतण्याची वाट पूर्वी वाटली तितकी खुली नसावी. सहजीवनात कार्यरत होणाऱ्या जनुकांपैकी काही जनुके प्रत्येक शाखेची स्वतःची, अन्यत्र न आढळणारी आहेत. समान जीवनपद्धती निरनिराळ्या साधनांनी साधली गेल्याचे हे उदाहरण होय.

महत्त्व

जंगलात पडलेले लाकूड हा कार्बनचा मोठा साठा आहे. तो किती वेगाने वातावरणात परततो, हे बऱ्याच अंशी कवकांवर अवलंबून असते. त्यामुळे कूज घडविणाऱ्या जनुकांची माहिती कार्बनचक्राच्या अभ्यासात उपयोगी पडते. पिकांच्या अवशेषांपासून इंधन तयार करताना लिग्निन हाच प्रमुख अडथळा असल्याने ऊर्जासंशोधनालाही या विकरांत रस आहे.

हिबेट यांच्या कामातून शास्त्रीय पद्धतीचे एक वैशिष्ट्य विशेषत्वाने दिसून येते. १९९७ मध्ये मोजक्या जनुकांच्या आधारे उभारलेले वंशवृक्ष पुढे संपूर्ण जनुकसंचांच्या कसोटीला लावले गेले. काही निष्कर्ष टिकले, काही सुधारले गेले आणि या सुधारणांमध्ये स्वतः हिबेट यांचाही सहभाग राहिला. कोळशाच्या प्रश्नात कवकांच्या जनुकांतून मिळालेला पुरावा खडकांतील पुराव्याशी ताडून पाहिला गेला आणि दोहोंचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.